सीडीवरील आवाजाची शुद्ध प्रत



आजचे व्याख्यान इतिहासाचे आहे असे कळल्यावर आणि त्याचा विषय सीडी आहे असे पाहिल्यावर श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख, बखरी, मोडी दफ्तरे ही साधने आपल्या डोळ्यांसमोर येतात. गाण्याची चकचकीत तबकडी त्या पंक्तीत बसवावयाची म्हणजे थोडा आगाऊपणा होतो, हे आम्ही जाणतो. परंतु पहिली सीडी बाजारात आली त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. तिच्यावर ज्यांचे गाणे आहे त्यांपैकी पुष्कळ मंडळी आज हयात नाहीत. आणि ती वाचणारे यंत्र, ज्याला आपण सर्वजण ड्राइव्ह म्हणतो, ते नव्या संगणकांतून जवळजवळ नाहीसे झाले आहे. कागद शाबूत आहे पण मोडी वाचणारा सापडत नाही, अशी अवस्था आपल्या अनेक दफ्तरांची झाली; सीडी त्याच वाटेला लागली आहे. म्हणून तबकडीवरचा आवाज संगणकात उतरवून कसा घ्यावा, त्यासाठी ड्राइव्ह कोणता निवडावा आणि तो अडला तर काय करावे, हा प्रश्न केवळ दुकानदाराचा राहिलेला नाही.

हे आम्ही दिवाळे गावाकडे पाहून बोलत आहोत. बेलापूरच्या खाडीकाठचे हे कोळ्यांचे गाव. सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे या गावाभोवती नवी मुंबई उभी राहिली. तरी दिवाळ्याच्या धक्क्याला होड्या लागतातच. या खाडीपट्ट्यातील आगरी व कोळी समाजांत लग्नाचे विधी धवलारीण गाऊन लावीत असे. तिचे धवले कोठल्या पोथीत नसत. ते तिच्या कंठात असत. मुंबई आणि तिच्या आसपासच्या कोळीवाड्यांतील गाण्यांना पुढे मोठे दिवस आले. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि लताबाई व हेमंतकुमार यांचे स्वर यांमुळे कोळीगीत घरोघरच्या रेडिओवर गेले. त्यानंतर वेसावकर आणि मंडळींसारख्या संचांनी कॅसेटचा बाजार गाजविला, आणि मग सीडी व व्हीसीडीचा काळ आला. मोठ्या कंपन्यांनी काढलेल्या तबकड्यांची चिंता आम्ही करीत नाही. त्यांच्या प्रती जगभर आहेत. चिंता आहे ती हळदीच्या रात्री मुद्रित केलेल्या, भजनी मंडळाने शे-दोनशे प्रती काढून वाटलेल्या, एखाद्या आजीचा आवाज असलेल्या आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेल्या तबकडीची. तिची दुसरी प्रत कोठेच नसते.

आवाज वेळेवर टिपला नाही म्हणजे काय होते, याचे महाराष्ट्राला एक कायमचे दुःख आहे. किर्लोस्कर मंडळीतील भाऊराव कोल्हटकर सन १९०१ मध्ये वारले. फ्रेडरिक गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ आपली यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास उतरला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. नोव्हेंबर १९०२ मध्ये तेथे गौहरजानचे गाणे त्याने मुद्रित केले. अवघ्या पावणेदोन वर्षांच्या फरकाने भाऊरावांचा आवाज आपल्या हातून गेला. त्यांच्या गाण्याविषयी आपण जे जाणतो ते ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींवरून.

या कलकत्त्याच्या मुद्रणांची पुढची हकीकत आमच्या विषयाच्या फार जवळची आहे. गौहरजानचा आवाज ज्या मेणाच्या तबकड्यांवर कोरला गेला, त्या जहाजाने जर्मनीस गेल्या आणि त्यांवरून विक्रीच्या प्रती हॅनोव्हर शहरातील कारखान्यात छापण्यात आल्या. हिंदुस्थानात तबकड्या छापण्याचा कारखाना कलकत्त्यास सियालदह येथे निघाला तो सन १९०८ मध्ये. हॅनोव्हर हे ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याचे जन्मगाव. तेथला कारखाना त्यानेच १८९८ मध्ये उभारविला. आणि योगायोग असा की, त्याच कारखान्याच्या वंशातील, हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेन येथील कारखान्यात १७ ऑगस्ट १९८२ रोजी विक्रीसाठीच्या पहिल्या सीड्या छापल्या गेल्या. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे नियम ठरविले होते. जपानात १ ऑक्टोबर १९८२ रोजी ती दुकानात आली. आपल्याकडच्या पहिल्यावहिल्या सीड्यांपैकी काहींवर आजही पश्चिम जर्मनी किंवा जपान येथे छापल्याची नोंद आढळते. म्हणजे ऐंशी वर्षांनी आपले गाणे पुन्हा एकदा छपाईसाठी हॅनोव्हरला गेले.

आता ही तबकडी आहे तरी कशी? १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची चकती. तिच्या वरच्या अंगावर सूक्ष्म खळग्यांची एकच एक सर्पिल रेषा. दोन वेढ्यांमधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीइतके. ही रेषा उलगडली तर पाच किलोमीटरांहून अधिक भरेल. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत जाते. सीडीचे वाचन आतून बाहेर होते. खळग्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, त्यावर लाखेचा थर, आणि त्यावर गाण्यांची नावे. खालून लेसरचा किरण येतो, आरशावरून परततो, आणि परतताना खळगे कोठे सुरू झाले व कोठे संपले ते सांगतो. त्यावरून अंक बनतात. दोन कानांसाठी मिळून सेकंदाला ८८,२०० अंक.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. अंक म्हणजे अंक, त्यांत चूक कसली व्हायची, असे पुष्कळांना वाटते. पण धुळीचा एक कण या खळग्यांपुढे डोंगराएवढा असतो. तबकडी वाचताना चुका होतच असतात; अगदी नव्या कोऱ्या तबकडीवरही होतात. त्या आपल्या कानांपर्यंत येत नाहीत याचे श्रेय आर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांना आहे. त्यांनी १९६० मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. संदेशाबरोबर काही जादा अंक अशा बेताने पाठवावयाचे की, वाटेत काही अंक पुसले गेले तरी उरलेल्यांवरून ते पुन्हा काढता यावेत, ही त्यांची युक्ती. सीडीवर गाण्याच्या दर २४ बाइटांमागे ८ बाइट राखणीसाठी ठेवलेले असतात, आणि शेजारशेजारचे अंक एकत्र न ठेवता शंभराहून अधिक चौकटींत विखुरलेले असतात, म्हणजे एका ओरखड्याने सगळे एकदम जाऊ नयेत. रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा तुकडा सबंध नाहीसा झाला तरी ही योजना तो अचूक भरून काढते.

हीच युक्ती व्हॉयेजर यानांच्या दूरवरून येणाऱ्या संदेशांसाठीही वापरली गेली. १९७७ मध्ये सुटलेल्या त्या यानांवर एक सोनेरी ध्वनिमुद्रिका आहे आणि तिच्यात गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. विषयांतर झाले, पण केसरबाईंचे नाव आले की थोडे थांबणे भाग पडते.

आता अडीच मिलिमीटरांहून मोठी जखम असेल तर काय? गाणे वाजविणाऱ्या यंत्राला थांबता येत नाही. ऐकणारा समोर बसला आहे, ताल चालू आहे. म्हणून सीडी प्लेअर हरवलेल्या अंकाच्या मागचा आणि पुढचा अंक पाहतो आणि मधला अंदाजाने घालतो. अगदीच जमले नाही तर क्षणभर आवाज बंद करतो. ऐकणाऱ्याला बहुधा काही कळत नाही, आणि ऐकण्यापुरते ते योग्यच आहे. जुन्या पोथीत अक्षर उडाले असता कीर्तनकार वेळ मारून नेतो तसे हे आहे. पण तोच कीर्तनकार पोथीची नक्कल करावयास बसला आणि उडालेली अक्षरे मनाने भरून, कोठे भरली ते न सांगता, स्वच्छ प्रत आपल्या हाती देऊ लागला तर? सीडीवरून गाणे उतरविताना नेमका हाच धोका आहे. सीडीची रचना ऐकण्यासाठी झाली, नक्कल करण्यासाठी नव्हे. हे ज्याने लक्षात ठेवले त्याला ड्राइव्हचे निम्मे दोष आपोआप समजतात.

संगणकासाठी माहितीची सीडी निघाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी ही उणीव ओळखली होती. तबकडीवरील सेकंदाचे ७५ भाग पाडलेले असतात. गाण्याच्या सीडीत प्रत्येक भागातील सर्व २,३५२ बाइट गाण्यालाच दिलेले आहेत. माहितीच्या सीडीत त्यांपैकी केवळ २,०४८ बाइट माहितीचे. बाकीचे त्या भागाचा नेमका पत्ता आणि चुका सुधारण्याची आणखी एक फळी यांसाठी राखून ठेवले. हिशेबाच्या कागदांत अंदाजाने आकडा घालून चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. गाण्याच्या सीडीत ती जादा फळीही नाही आणि भागाच्या आत पत्ताही नाही. पत्ता असतो तो बाजूने चालणाऱ्या एका सहायक ओळीत, आणि ड्राइव्हला तो ढोबळ मानानेच सापडतो.

याचा परिणाम सन १९९० नंतरच्या दशकात दिसू लागला. तोवर संगणकातील सीडी ड्राइव्ह गाणे वाजवी ते एका बारीक तारेने ध्वनिकार्डाकडे पाठवून. अंक जसेच्या तसे उचलून देणे पुष्कळ ड्राइव्हना येतच नसे. जे देत, त्यांच्याकडून एक तुकडा वाचून संगणक क्षणभर थांबला की पुढचा तुकडा जरा मागून किंवा जरा पुढून सुरू होई. सांध्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येई. यावर उपाय निघाला तो नक्कलकारांच्या जुन्याच शहाणपणाचा होता. प्रत्येक वेळी मागील तुकड्याचा थोडा भाग पुन्हा वाचावयाचा आणि दोहोंचा जुळणारा भाग पाहून सांधा बसवावयाचा. क्रिस्टोफर मॉन्टगोमेरी या अमेरिकन तरुणाने या तत्त्वावर सीडीपॅरानोया नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याच सुमारास, १९९८ मध्ये, जर्मनीतील आंद्रे वीटहोफ याचा एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम आला. तो प्रत्येक जागा दोनदा वाचतो. दोन्ही वाचने जुळली नाहीत तर पुन्हापुन्हा वाचतो, आणि सोळा वाचनांपैकी आठ तरी एकसारखी आल्याशिवाय ते मान्य करीत नाही. तरीही जमले नाही तर, कोणत्या मिनिटाला व सेकंदाला संशय आहे ते नोंदवहीत लिहून ठेवतो. आमच्या मते या प्रोग्रामांचा मोठेपणा या नोंदवहीत आहे. स्वच्छ दिसणारी प्रत कोणीही करील. संशयाची जागा दाखविणारी प्रत ही विद्वानाची प्रत होय.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ काढून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या पंडितांनी महाभारताच्या देशभरच्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि १९६६ पर्यंत ते प्रचंड कार्य पुरे केले. सीडीच्या जगातही असे ताडून पाहण्याचे साधन निघाले. त्याला अ‍ॅक्युरेटरिप म्हणतात. आपण गाणे उतरविले की त्या अंकांची एक बेरीजवजा खूण तयार होते, आणि जगात इतर ज्यांनी तीच तबकडी उतरविली त्यांच्या खुणांशी ती पडताळली जाते. निरनिराळ्या घरांतील, निरनिराळ्या ड्राइव्हवरच्या दहा प्रती आपल्या प्रतीशी शेवटच्या अंकापर्यंत जुळल्या तर शंकेस जागा उरत नाही. अर्थात याने एवढेच सिद्ध होते की, आपली प्रत छापलेल्या तबकडीशी जुळते. मूळ साच्यातच दोष असेल तर सर्व प्रतींत तो सारखाच उतरणार. एका सदोष पोथीची संतती कितीही जमविली तरी मूळ पाठ मिळत नाही, हे सुकथनकरांच्या पद्धतीने शिकलेल्यांना सांगावयास नको.

या पडताळणीच्या आड येणारी एक अडचण म्हणजे ड्राइव्हची सुरुवात चुकण्याची सवय. प्रत्येक मॉडेल गाणे नेमक्या जागी न धरता ठराविक अंतराने अलीकडे किंवा पलीकडे धरते. कोणाची दुरुस्ती ६ नमुन्यांची, कोणाची ३०, तर काहींची ६६७. हे शेवटचे अंतर सेकंदाच्या सत्तराव्या भागाच्या आसपास आहे. कानाला ते कळणार नाही. पण खूण पडताळताना एका अंकाचाही फरक चालत नसल्याने ही दुरुस्ती प्रोग्रामला एकदा सांगून ठेवावी लागते. मॉडेलनिहाय आकड्यांच्या याद्या तयार आहेत, आणि बहुप्रसृत सीडी घातली की प्रोग्राम स्वतःच आकडा हुडकून काढतो. नवशिके याची फार धास्ती घेतात. ती अनाठायी आहे.

खरी पारख करावी ती दुसऱ्या गोष्टींची. ड्राइव्ह वेगाने फिरतो म्हणून चांगला, ही जाहिरातीने पसरविलेली समजूत आहे. मूळ प्लेअरमध्ये तबकडी मिनिटाला सुमारे ५०० ते २०० फेरे घेई. ४८ पटीचा ड्राइव्ह तिला दहा हजारांच्या घरात नेतो. चांगल्या तबकडीला ते सोसते, चरे पडलेलीला नाही. म्हणून सांगितल्यावर हळू चालणारा ड्राइव्ह घ्यावा. दुसरे, ड्राइव्हला वाचलेले थोडे स्मरणात ठेवण्याची खोड असते. प्रोग्रामने तीच जागा पुन्हा वाचावयास सांगितली की तो तबकडीकडे न जाता मघाचेच उत्तर पुन्हा देतो. दोन्ही उत्तरे साहजिकच जुळतात आणि चूक पक्की होते. साक्षीदाराला दुसऱ्यांदा विचारले असता त्याने डोळे न उघडता पहिली जबानी पाठ म्हणावी, तसा हा प्रकार. प्रोग्रामला ही खोड तपासता येते आणि तिच्यावर मातही करता येते, मात्र वेळ अधिक लागतो. तिसरे, अचूक सुधारता न आलेल्या जागा ड्राइव्ह प्रामाणिकपणे कळवितो का? कळविण्याची सोय पुष्कळांत असते; तिच्यावर सर्वस्वी विसंबण्याइतका भरवसा मात्र थोड्यांचाच.

एके काळी शिनानो केन्शी या जपानी कंपनीच्या प्लेक्स्टर ड्राइव्हचे नाव या कामात आदराने घेतले जाई. ती मॉडेले केव्हाच बंद झाली. सोनीचा ऑप्टिआर्क हा विभाग २०१३ मध्ये मिटला. आज जुन्या बाजारात नामांकित मॉडेलसाठी अव्वाच्या सव्वा किंमत मागणारे भेटतात; आमचा सल्ला असा की, त्या नादी लागू नये. पंधरा वर्षे चाललेल्या ड्राइव्हच्या लेसरचे किती आयुष्य उरले आहे ते नावावरून कळत नाही. डेस्कटॉप संगणकातील पूर्ण आकाराचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह मिळाला तर उत्तम. त्याचा तबकडी धरणारा भाग लॅपटॉपच्या चपट्या ड्राइव्हपेक्षा भक्कम असतो. चपटाच घ्यावा लागला तर त्याला यूएसबीतून पुरेशी वीज मिळते का हे आधी पाहावे. तबकडी फिरू लागते, टकटक आवाज करून थांबते, पुन्हा फिरू लागते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा काहीच बिघाड नसतो. लांब आणि बारीक केबल एवढेच कारण असते. आखूड केबलने संगणकाच्या मागच्या बाजूस जोडले, किंवा स्वतंत्र वीज असलेला हब मध्ये घातला, की तो चालू लागतो. आणि शक्य तर एकाऐवजी दोन निरनिराळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह जमवावेत. का ते पुढे सांगतो.

दोष कोणाचा, तबकडीचा की ड्राइव्हचा, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. सर्वच तबकड्या अडत असतील तर ड्राइव्हकडे पाहावे. बहुधा भिंगावर धूळ असते. खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत ती चिकटून बसते. हवेच्या फुग्याने ती उडवावी, हात लावू नये. एकच तबकडी अडत असेल तर तिला उजेडात धरावे. पुसावयाची ती मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत. आपण ताट पुसतो तसे गोल पुसणे घातक, कारण गोल चरा खळग्यांच्या रेषेबरोबर धावतो आणि राखणीच्या अंकांनाही एकदम नेतो. आडवा चरा रेषेला एकदाच छेदतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. चकचकीत बाजूस आपण जपतो आणि नावाची बाजू टेबलावर घासतो. वस्तुतः गाणे नावाच्या बाजूस आहे. खालून १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचे चिलखत आहे, त्यावरचा चरा घासून गुळगुळीत करता येतो. वरून लाखेचा पातळ थर तेवढा. बॉलपेनने त्यावर 'दादाचे लग्न' असे दाबून लिहिले म्हणजे दादाच्या लग्नातील काही भाग कायमचा गेला. तबकडी दिव्यासमोर धरून पाहावी. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर मुलामा उडालेला आहे. तेथे कोणताही ड्राइव्ह काही करू शकत नाही.

काही तबकड्या कोणाचाही अपराध नसता मरतात. इंग्लंडात ब्लॅकबर्न येथील कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या पुष्कळ तबकड्या तांबूस पडून निकामी झाल्या; आपल्या संग्रहात त्या तारखांच्या इंग्लंडात छापलेल्या तबकड्या असतील तर त्या आधी उतरवाव्यात. २००१ मध्ये माद्रिदच्या एका शास्त्रज्ञाने मध्य अमेरिकेतील बेलिझहून आलेली, बुरशीने खाल्लेली सीडी लोकांपुढे मांडली. दमट मुलखात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, तथापि घाबरून जाऊ नये. तसे क्वचितच घडते. क्वचित न घडणारी गोष्ट म्हणजे घरी लिहिलेल्या सीडीचे फिकट पडणे. तिच्यावर खळगे नसतातच. लेसरने जाळलेल्या रंगद्रव्याच्या खुणा असतात, आणि ऊन व उष्णता यांनी ते रंगद्रव्य विटते. छापलेली तबकडी शिलालेख मानली तर ही शाईची पोथी होय. स्वस्तातल्या पोथ्या तर दहा वर्षांतही दगा देतात. व्हीसीडीचीही गोष्ट ध्यानात घ्यावी: तिच्यावरील चित्र व आवाज गाण्याच्या सीडीप्रमाणेच त्या जादा फळीविना लिहिलेले असतात. हळदीची व्हीसीडी संगणकावर पाहताना चौकोन चौकोन होऊन चित्र थिजते ते यामुळे.

घरच्या तबकडीची दुसरी प्रत जगात नसल्याने अ‍ॅक्युरेटरिप तिच्यापुढे मुके असते. तेथे दोन ड्राइव्ह कामास येतात. आमच्याकडे अशीच एक घरी लिहिलेली सीडी आली होती. पाच धवले, अधूनमधून भांड्यांचा आवाज, एका लहान मुलाचे रडणे. पहिल्या ड्राइव्हने ती बिनतक्रार उतरविली. दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर पुन्हा उतरविली आणि ताडून पाहिली, तेव्हा चार गाणी अंकाअंकाने जुळली आणि तिसऱ्या गाण्यात एके जागी फरक निघाला. कानाने ऐकता दोन्ही सारखीच. वेग अगदी कमी करून दोन्ही ड्राइव्हवर तेवढेच गाणे पुन्हा वाचले; या खेपेस दोन्ही जुळली, आणि पहिल्या बिनतक्रार प्रतीत अंदाजाने घातलेले अंक होते हे उघड झाले. दोन यंत्रे एकाच जागी एकसारखीच चूक करण्याचा संभव फार थोडा, म्हणून ही जुळणी आम्ही प्रमाण मानतो. जुळले नसते तर दोन्ही प्रती पाठभेद म्हणून ठेवल्या असत्या.

उतरविलेले गाणे फ्लॅक या स्वरूपात ठेवावे. २००१ मध्ये निघालेल्या या पद्धतीत गाणे साधारण निम्म्या जागेत मावते आणि एकही अंक गळत नाही. एमपीथ्रीमध्ये मात्र गळतात, आणि गळलेले परत येत नाहीत. ऐकण्यासाठी फोनवर एमपीथ्री खुशाल करावी, पण ती फ्लॅकवरून. प्रोग्रामची नोंदवही त्याच्याच शेजारी ठेवावी, कोणत्या ड्राइव्हवर व कोणत्या तारखेस उतरविले ते तीत असते. गाणारी कोण, लग्न कोणाच्या घरचे, साल कोणते, हे मात्र कोणत्याही ड्राइव्हला वाचता येत नाही. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळाने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या अशा बारीकसारीक माहितीसाठी वर्षानुवर्षे एक नियतकालिक चालविले, आणि कंपनीच्या छापील तबकड्यांवर निदान लेबल तरी होते. आपल्या कपाटातील सीडीवर पुष्कळदा पेनाने काढलेला आकडा तेवढा असतो, आणि त्या आकड्याचा अर्थ घरातील एखाद्याच वडील माणसाला ठाऊक असतो. त्या माणसाला विचारण्याचे काम सीडी ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी करावे, आणि सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.